चुलीवरचं धनुष्य

उईके बाईंना राग आला की त्या आधी चप्पल काढायच्या. समोरचा माणूस नवीन असला तर मागं सरकायचा. आता ही बाई मारते, असंच त्याला वाटायचं. पण बाईंनी कुणावर चप्पल उगारलेली मी कधी पाहिली नाही. त्या ती काढून बाजूला जोडीनं ठेवायच्या, पाय थोडे फाकवून उभ्या राहायच्या आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. असं का करता म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सर, बाण सोडाचा तर पाय जमिनीवर पाहिजे. बोलाचं तरी तसंच. चप्पल घालून बोललेलं घसरते."

परवा मी आमच्या शाळेच्या मैदानावर एका लग्नाला गेलो होतो. मैदान म्हणायची सवय जात नाही. आता त्याला लॉन म्हणतात. धानाच्या तणसाच्या पेंढ्या बांधून केलेलं टारगेट जिथं उभं असायचं, नेमकं तिथं नवरा-नवरीचं स्टेज आहे. बाईंच्या पोरी धनुष्य ताणून जिथून नेम धरायच्या तिथं पाणीपुरीचा ठेला लागला होता. माझ्या ताटात वाढलेलं मला गेलं नाही. हात धुतले आणि घरी आलो. हे लिहितो आहे ते त्या रागानं. माझ्यासारख्या माणसाला राग उशिरा येतो, म्हणून लिहिणंही उशिराचं.

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो; बाई तिथं खेळ शिकवायच्या. घरची धानाची शेती आहे. स्वभाव असा की बसमध्ये दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी "माफ करा" मीच म्हणतो. वर्गातला मुलगा नापास झाला की मला झोप येत नाही; आणि त्याचा बाप भेटायला आला की त्यानं तोंड उघडायच्या आत मी माफी मागून मोकळा होतो. बाईंना हे बघवायचं नाही.

"पटले सर, तुम्ही काऊन माफी मागून राहिले? त्याच्या पोट्ट्यानं वर्षभर वहीच नाई उघडली."

"सवय आहे, बाई."

"ही सवय चांगल्या माणसाची नोहे, भेणाऱ्या माणसाची आहे. तुम्ही सगळ्याइच्या वाटची माफी मागता न् ज्यानं केलं तो मिशीले ताव देत घरी जाते."

बाई सालेकशाकडच्या जंगलातल्या एका गावच्या. वडील शेती करायचे आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायचे. आजोबा शिकारी होते. शिकार बंद झाली, पण आजोबांचं बांबूचं धनुष्य घरात राहिलं, चुलीच्या वर, आडव्या बांबूला टांगलेलं. आमच्या भागात चार महिने पाऊस असतो. त्या ओलीत बांबू फुगतो, वाकतो, त्याला कीड लागते. म्हणून धनुष्य धुरात ठेवायचं. पाऊस अंगावर घेऊन कुणी आलं की आधी धनुष्य चुलीवर जाणार, मग माणूस चुलीजवळ बसणार. लहानपणी हे काम बाईंकडं होतं. उंची पुरायची नाही म्हणून उखळावर चढायच्या.

त्यांच्या रागाला मोसम नव्हता. प्रार्थनेला उशिरा येणाऱ्या शिक्षकांवर राग, मान खाली घालून चालणाऱ्या पोरींवर राग, डबा न आणलेल्या पोरीवर तर भयंकर राग. तिला सगळ्यांसमोर झापायच्या आणि स्वतःचा डबा तिच्या पुढ्यात आदळून निघून जायच्या. पण सगळ्यात जास्त राग एका वाक्याचा. शाळेत पाहुणे आले की कुणीतरी कौतुकानं म्हणायचंच, "वा! तुमच्या तर रक्तातच धनुष्यबाण आहे." की निघाली चप्पल.

"रक्तात असतं तर मी रोज सकाळी अंधारात कायले उठले असते जी? रक्तात नाई, खांद्यात आहे. हे पाहा, इथं. दुखते."

पाहुणे हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

आमच्या संस्थेच्या सचिवांची त्या मैदानावर नजर होती. रस्त्याला लागून जागा, मोकळी, सपाट. लग्नाच्या हंगामात सोनं. एकदा ते शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "तीन पोरी बाण मारतात म्हणून एवढी जागा अडवून ठेवाची का, मॅडम?"

बाईंनी चप्पल काढली. "आज तीन आहेत. मैदान राहिलं तं तीस होतील."

तेव्हा नुकतंच उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका हिवाळी स्पर्धेचं बोलावणं आलं होतं. बर्फातल्या जंगलात प्राण्यांची चित्रं उभी करतात. अंतर सांगत नाहीत. चालत जायचं, अंदाज घ्यायचा, बाण मारायचा. जुन्या शिकारीसारखं, फक्त कुणी मरत नाही. त्यात बांबूच्या धनुष्याचा वेगळा गट होता. सचिवांनी ते ऐकलं होतं. ते हसले. "असं करा. त्या बर्फातून पदक आणा. आणलं तं मैदान तुमचं, मी हात नाई लावणार. नाई आणलं तं लॉन होईल. बोला."

गोंदियाच्या पोरी आणि बर्फ! खोलीतले सगळे हसले. मीही थोडा हसलो असेन. बाई म्हणाल्या, "सगळ्याइनं आयकलं ना? बस."

बर्फ शोधायला बाई पोरींना घेऊन गोंदियाजवळ फुलचूरच्या पुढं एका बर्फाच्या कारखान्यात गेल्या. मलाही ओढलं, कारण मालक हिंदी बोलणारा आणि मी गरीब चेहऱ्याचा. मालकानं धनुष्यं पाहिली, पोरींनी भर दुपारी घातलेले दोन-दोन स्वेटर पाहिले आणि म्हणाला, "मैडम, यहाँ मछली के लिए बरफ बनता है. ओलंपिक नहीं."

"भैया, मछली को ठंड लगती है क्या?"

"मछली तो मरी रहती है."

"तो फिर जिंदा लोगों को भी जरा जगह दो."

दुपारचं काम थांबलं की आत यायची त्यानं परवानगी दिली. बाईंनी तिथंही पहिल्या दिवशी चप्पल काढली आणि तितक्याच झटक्यानं परत घातली. पोरींना हसू आवरेना. बाईंनी तिघींना बर्फाच्या लाद्यांच्या खोलीभोवती पळायला लावलं.

त्या कारखान्यात बाई बर्फाशी भांडून भांडून शिकल्या. बाही फुगीर असली की दोरी तिला घासते आणि बाण भरकटतो. म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत कापडी पट्टी करकचून बांधायची. दोरी ओली झाली की जड होते. म्हणून मधमाशीचं मेण बोटांनी चोळून मुरवायचं. बाणाची पिसं भिजून चिकटली की बाण लटपटतो. म्हणून आपली पाळी येईपर्यंत पिसांवर प्लास्टिकची पिशवी. पांढऱ्यावर अंतर कळत नाही, सगळंच जवळ वाटतं. त्यासाठी मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणून मैदानभर अंथरलं आणि पोरींना त्याच्या पलीकडचं टारगेट मारायला लावलं.

आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखली. थंड खोलीतून धनुष्य बाहेरच्या उन्हात आणलं की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. ते तसंच परत आत नेलं की थेंब गोठतात, दोरीच्या पिळात बसतात. "धनुष्याले घाम येते," बाई म्हणाल्या. "एकदा थंड झालं की थंडच राहू द्याचं. घरात नाई न्याचं. समजलं काय पोरीहो?" पोरींनी हे इतक्यांदा ऐकलं की लता, त्यांच्यातली सगळ्यात पक्क्या नेमाची, बाईंची नक्कलच करायची: कमरेवर हात, पायातली चप्पल बाजूला, "घरात नाई न्याचं!"

हे मी मुद्दाम सांगतो आहे. बाईंना माहीत नव्हतं असं पुढं कुणी म्हणू नये.

स्पर्धेलाही बाईंनी मला सोबत ओढलं. आम्ही डोंगरात पोचलो तेव्हा झाडं, छपरं, वाट, सगळं एकाच रंगाचं होतं. सरावाच्या दिवशी पोरींनी असा नेम धरला की बाकीच्या संघांचे लोक येऊन बघत उभे राहिले. धनुष्यं मुक्कामाच्या घराच्या ओसरीत ठेवली होती, बाहेरच, कापड टाकून. सगळं ठरल्याप्रमाणं.

संध्याकाळी वारा सुटला. बर्फ आडवं यायला लागलं आणि ओसरीत घुसलं. कापड उडालं. बाई दारात आल्या आणि त्यांना धनुष्यं दिसली, पांढरी झालेली, कडांना पाणी लागलेलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. शिक्षिका कुठंतरी गेली आणि उखळावर चढणारी पोर पुढं आली. ओला बांबू दिसला की काय करायचं ते हातांना माहीत होतं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. त्यांनी तिन्ही धनुष्यं उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. तिथं मोठी लोखंडी शेगडी धुमसत होती. तिच्यावर कपडे वाळवायची दांडी होती.

तिथले एक म्हातारे प्रशिक्षक चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "मैडम, बाहर ही रहने दो. ठंडी चीज़ पर बर्फ चिपकती नहीं, झाड़ दो तो गिर जाती है. इसे गरम करोगी तो सुबह रोओगी."

बाईंनी पायातले बूट काढले. मोज्यांवर उभ्या राहिल्या. "हमारे यहाँ चार महीना पानी गिरता है, चाचाजी. बांबू का हमको मत सिखाओ. बांबू को धुआँ दिखाया तो वो मरता नहीं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "माफ कीजिए."

सकाळी धनुष्यं कोरडी, चकचकीत होती. लतानं आपलं धनुष्य नाकाशी नेलं आणि म्हणाली, "बाई, घरचा वास येऊन राहिला." बाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

उतारावर पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. कोमट बांबूवर बर्फाचा कण पडला की विरघळायचा. ते पाणी ओघळून दोरीच्या गाठीत जायचं. दोरीवरचं मेण रात्रीच्या उष्णतेनं पातळ होऊन गेलेलं. बघता बघता दोरीवर साखरेसारखे दाणे धरले. लताचा पहिला बाण अस्वलाच्या चित्राच्या अलीकडंच पडला. दुसरा डावीकडं गेला. चूक एकाच बाजूला होत असती तर नेम हलवून सुधारता आली असती. पण प्रत्येक बाणाची चूक वेगळी. पोरी घाबरल्या. हात बदलायला लागल्या, खांदा उचलायला लागल्या. मग तिसऱ्या पोरीनं दोरी ओढली आणि कडकन आवाज झाला. शेगडीवर वाळून कोरडा पडलेला बांबू थंडीत उभा तडकला होता.

मधली सुट्टी झाली. बाई बर्फात बसल्या आणि बूट काढायला लागल्या. मला वाटलं, आता त्या म्हाताऱ्याची धडगत नाही, नाही तर त्या आभाळाची. त्या मोज्यांवर उभ्या राहिल्या, पोरींच्या समोर.

"आयका. बांबू शेगडीवर मी टांगला. तुमाले नको म्हणून शिकवलं न् स्वतःच केलं. चूक माही आहे. तुमचा हात बरोबर आहे. हात बदलू नका. समजलं? हात बदलू नका."

रडल्या नाहीत. माफी मागितली नाही. त्यांनी नखानं दोरीवरचे दाणे खरवडले, कोरड्या फडक्यानं बांबू पुसला, नवं मेण चोळलं आणि उरलेली दोन्ही धनुष्यं झाडाच्या सावलीत बर्फात उभी केली, पार थंड होईपर्यंत. श्वासाची वाफ दोरीवर जाऊ नये म्हणून पोरींना तोंड फिरवून उभं केलं. म्हातारे प्रशिक्षक लांबून बघत होते. ते आले आणि आपल्या खिशातला मेणाचा गोळा बाईंच्या हातात देऊन परत गेले.

त्यानंतरची फेरी मी विसरणार नाही. दोन धनुष्यं, तीन पोरी. तडकलेल्या धनुष्याची पोर लताच्या धनुष्यानं बाण सोडायची. कोल्हा, हरीण, रानडुक्कर, एकेक चित्रात बाण रुतत गेले. त्या फेरीत आमच्या पुढं कुणी नव्हतं. पण सकाळचं गेलेलं गेलं होतं. आम्ही चौथ्या नंबरावर आलो. पदकं तिसऱ्यापर्यंत.

परतताना गाडीत मी म्हणालो, "बाई, सचिवांना हवामानाचं सांगू. बर्फ जास्त पडलं म्हणू. कोणाला कळणार आहे?"

"मले कळते ना."

"पण मैदान…"

"सर, मी खोटं बोलून मैदान ठेवलं तं पोरीइले त्याच्यावर काय शिकवू? खोटं माराले?"

सचिवांच्या टेबलासमोर बाई चप्पल काढून उभ्या राहिल्या. झालं ते सगळं सांगितलं. शेगडीसकट. "चूक माही आहे. शिक्षा द्याची तं मले द्या. पोरी चांगल्या खेळल्या. मैदान पोरीइचं आहे."

सचिव मागं रेलून बसले होते. त्या टेबलामागून मी इतक्या वर्षांत "माझी चूक" हे शब्द ऐकले नाहीत. वर्गाचं छत गळतं, तेव्हा चूक पावसाची. पोरींच्या संडासाला दार नाही, तेव्हा चूक सुताराची. आणि इथं एक बाई आपली चूक आपल्या हातात घेऊन उभी होती. ते मला सहन झालं नाही. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, बाईंच्या वतीनं मी माफी मागतो."

सचिव हसले. "झालं तं मग. चूक कबूल आहे, माफी मागून झाली. विषय संपला. सोमवारपासून मुरूम टाकाले सुरुवात."

बाहेर आल्यावर बाई माझ्याकडं वळल्या. चप्पल अजून हातातच होती. "माह्या नावानं माफी कोणी मागाले सांगितली तुमाले? मी चूक सांगत होते, सर. भीक मागत नव्हते. चूक सांगितली तं माणूस समोर उभा राहू शकते. तुम्ही मले खाली बसवलं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

सोमवारी ट्रॅक्टर आले. मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून बघत होतो. तिन्ही पोरी धनुष्यं घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या. मैदान गेलं हे कुणी सांगितलं नसेल म्हणून आल्या असतील, किंवा सांगितलं होतं म्हणूनच. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. "ओ पोट्ट्याहो, बाजूले व्हा ना! दिसत नाई काय?" त्यानं मुरूम ओतला तो नेमका बाण सोडायच्या रेषेवर. धुळीत लता मागं सरकली आणि त्याला म्हणाली, "माफ करा, काका."

तिचं मैदान जात होतं आणि माफी ती मागत होती.

ते शब्द माझे होते. वर्गात रोज तिनं ते माझ्याच तोंडून ऐकले होते. बाई तिला मान वर धरायला शिकवत होत्या आणि पुढच्या तासाला मी खाली घालायला. माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. वयाच्या पन्नाशीला आलेल्या माणसाला राग म्हणजे काय ते नव्यानं कळावं, ही लाजेची गोष्ट आहे. पण ती लाजही मी तेव्हा बाजूला ठेवली.

मी तडक बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात बाणांची पिसं चिकटवत होत्या. मान वर केली नाही.

मी म्हणालो, "रस्त्याकडची माझी धानाची बांधी रिकामी आहे. धान निघालं. उन्हाळी धान लावणार नाही. पोरींना तिथं आणा."

"काऊन? माफी म्हणून देऊन राहिले काय?"

"नाही."

"मग?"

"राग आला म्हणून."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "कोणाचा?"

"साहेबांचा. अन् माझापण."

"तुमचा राहू द्या, तो तुम्ही पुरवून पुरवून खाता," बाई म्हणाल्या. "पयला पुरेसा आहे. घेते मी बांधी."

त्या उन्हाळ्यात माझ्या बांधीत तणसाचं टारगेट उभं राहिलं. धानाच्या धसकटांत बाई अनवाणी फिरायच्या. तीन पोरींच्या आठ झाल्या. सचिवांनी मला बोलावून विचारलं, "हे काय चालवलं?" मी सांगितलं, "माझ्या शेतात चालवलं आहे." माफीचा शब्द निघाला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हीच बोलले काय? खरं?"

संस्थेची आणखी एक शाळा आहे, पार छत्तीसगडच्या हद्दीजवळ. शाळा उघडायच्या आधीच बाईंची तिकडं बदली झाली. कारण कुणी दिलं नाही आणि विचारलंही नाही. विचारलं ते फक्त मी. उत्तर मिळालं नाही, हे वेगळं.

जायच्या दिवशी बाई सकाळीच बांधीवर आल्या. माझी नांगरणी अडू नये म्हणून त्यांनी टारगेटच्या पेंढ्या सोडून शेताच्या कडेला, धुऱ्यावर रचल्या, खुंटे उपटले, रुतून राहिलेली बाणाची टोकं वेचली. लतानं विचारलं, "बाई, आता पावसात धनुष्य कुठं ठेवू?"

"चुलीवर," बाई म्हणाल्या. "इथं चुलीवरच. बर्फात गेली तं बाहेर. माह्या आजाचं सगळंच चुकीचं नसते न् सगळंच बरोबर नसते. कुठं उभी आहेस ते आधी पाह."

सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. चप्पल धुऱ्यावर जोडीनं ठेवलेली होती. बाईंनी ती उचलली. मला वाटलं, पायात घालतील. त्यांनी ती काखेत मारली, पाठीवर धनुष्याची लांबडी पिशवी घेतली आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणीच चालत गेल्या. कंडक्टरनं दार उघडलं, त्यांच्या अनवाणी पायांकडं, काखेतल्या चपलेकडं बघितलं आणि एक पायरी मागं सरकला.

गाडी वळली तेव्हा बाई आत उभ्याच होत्या, पाय थोडे फाकवून. काहीतरी बोलायला सुरुवात करणार असाव्यात.